शूळाचे वेळापत्रक

आपले गुरू बूरहाव यांच्या वैद्यकसूत्रांवर विस्तृत भाष्य लिहीत असता गेरार्ड व्हान स्वीटन या डच वैद्याने 1745 साली एका धडधाकट, मध्यमवयीन पुरुषाची हकीकत नोंदवून ठेवली आहे. दररोज एका ठराविक वेळी त्या गृहस्थाच्या डाव्या भुवईवर शूळ उठे, थोड्याच अवधीत डावा डोळा लाल होऊन त्यातून अश्रूंची धार लागे, डोळा आता खोबणीतून बाहेर पडतो की काय असे वाटून तो वेडापिसा होई, आणि काही तासांनी हा सारा उपद्रव शमला म्हणजे त्या डोळ्यात पूर्वीपेक्षा निराळे असे काहीही दिसत नसे. ही हकीकत व्हान स्वीटनने नेत्ररोगांच्या सदरात न घालता पाळीच्या तापांच्या विवेचनात घातली, आणि त्याची खरी मार्मिकता माझ्या मते येथेच दिसते. कारण रोग कोठे होतो यापेक्षा तो केव्हा येतो, ही बाब त्याला अधिक अर्थपूर्ण वाटली होती. त्याच्यामागून आलेल्या वैद्यकाने ही दृष्टी जवळजवळ अडीच शतके बाजूला ठेवली.

आज या व्याधीस क्लस्टर डोकेदुखी असे म्हणतात, आणि हजारांत सुमारे एका माणसाला ती आयुष्यात केव्हातरी गाठते. त्यात स्त्रियांपेक्षा पुरुष अधिक, आणि धूम्रपान करणारे तर फारच अधिक. डोळ्यामागे, भुवईवर किंवा कानशिलात, एकाच बाजूस, पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत शूळ राहतो, दिवसाआड एकदापासून दिवसातून आठ वेळांपर्यंत तो येतो, आणि त्याच बाजूचा डोळा लाल होणे, पाणी गळणे, नाकपुडी चोंदणे वा वाहणे, कपाळास घाम फुटणे, पापणी झुकणे, बाहुली लहान होणे, यांपैकी काही ना काही त्याच्यासमवेत येतेच. अर्धशिशीचा रोगी अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. याला मात्र एका जागी बसवत नाही, तो येरझाऱ्या घालतो, डोके गच्च दाबून धरतो, क्वचित भिंतीवर आपटतो. वेदनांची आपसांत तुलना करणे हा तसा अप्रशस्तच उद्योग. तरी 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 1604 रुग्णांनी या शूळास दहापैकी सरासरी 9.7 गुण दिले, आणि त्यांच्यातील ज्या स्त्रियांनी प्रसूतिवेदना सोसल्या होत्या त्यांनी त्या वेदनांस 7.2 दिले, हे येथे सांगितलेले बरे.

असे झटके काही आठवडे वा महिने दररोज येत राहतात आणि मग एके दिवशी हा हंगाम आपोआप संपून रोगी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, पूर्णपणे मोकळा होतो. दहा-पंधरा टक्के अभाग्यांना ही सुटका मिळत नाही. त्यांचा रोग जुनाट प्रकारात मोडतो. आपल्याकडील कोणी विद्वान येथे सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील सूर्यावर्ताकडे बोट दाखवील, आणि डोळा व भुवई येथे उठणारा, वेळेशी बांधलेला असा तोही शूळ आहे खराच; परंतु तो सूर्याबरोबर चढतो आणि सूर्याबरोबर उतरतो, तर क्लस्टरचा झटका बहुधा रात्री, झोप लागल्यानंतर तास-दीड तासाने माणसाला उठवतो, तेव्हा या दोहोंचे गोत्र एकच ठरवण्याची घाई न केलेली बरी.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्याने त्याने या रोगाचे मूळ आपापल्या इलाख्यात शोधले. नाकाचा वैद्य स्लडर याने 1908 साली नाकाच्या मागील पोकळीतील मज्जातंतूंच्या गुच्छिकेवर ठपका ठेवला. लंडनच्या विल्फ्रेड हॅरिसने त्यास मज्जाशूळ मानले. आणि 1939 साली मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टनने, हिस्टामिन त्वचेखाली टोचले असता झटका उठतो हे पाहून, रक्तवाहिन्यांचे प्रसरण आणि हिस्टामिन यांची सांगड घातली, व त्याच द्रव्याच्या अत्यल्प मात्रा वाढवीत नेऊन शरीरास त्याची सवय लावण्याचा उपचार काढला, जो पुढील कसोटीस उतरला नाही. झटके घोळक्याघोळक्याने येतात याकडे 1952 साली कुंकल व त्याच्या सहकाऱ्यांनी लक्ष वेधले, त्यावरून नाव पडले. पण नावात काळ आला तरी विचारात तो यायला आणखी बराच अवधी लागला. दरम्यान किती जणांनी निर्दोष दाढा उपटून घेतल्या आणि किती जणांच्या सायनसवर निष्कारण शस्त्रक्रिया झाल्या, याचे दफ्तर कोणी ठेवलेले नाही. आजही रोगाचे अचूक निदान होईपर्यंत पुष्कळांची वर्षे जातात.

स्थानाचा शोध अगदीच व्यर्थ गेला असे मात्र म्हणता येत नाही, कारण त्यातून जी यंत्रणा उलगडली ती मोठी विलक्षण आहे. चेहऱ्याच्या व मस्तकाच्या संवेदना ट्रायजेमिनल मज्जातंतू मस्तिष्कस्तंभात आणून पोहोचवतो. त्याच्या तीन शाखांपैकी पहिली शाखा डोळा, कपाळ आणि मेंदूवरील मोठ्या रक्तवाहिन्या यांचा कारभार पाहते, आणि क्लस्टरची वेदना नेमकी याच शाखेच्या प्रदेशात उमटते. वेदनेचा हा संदेश मस्तिष्कस्तंभात व मानेच्या वरच्या मज्जारज्जूत पोहोचला की तेथून दुसरी एक वाट फुटते. ती लाळ व अश्रू यांचे नियमन करणाऱ्या केंद्रकाकडे जाते, आणि त्या केंद्रकातून निघालेले परानुकंपी तंतू चेहऱ्याच्या सातव्या मज्जातंतूबरोबर प्रवास करीत स्लडरच्या त्याच गुच्छिकेत येऊन पुढे अश्रुग्रंथी, नाकाचे अस्तर व रक्तवाहिन्या यांना जाऊन मिळतात. म्हणजे डोळ्यात कण गेला असता पाणी यावे अशी जी साधी प्रतिक्षिप्त क्रिया निसर्गाने शरीराच्या संरक्षणार्थ योजली आहे, तीच येथे कण नसताना, पूर्ण वेगाने चालू होते. मस्तकाच्या हाडातील अरुंद बोगद्यातून जाणारी ग्रीवा रोहिणी झटक्याच्या वेळी त्या बोगद्यापाशी अरुंद झालेली स्वीडनमधील एकबोम व ग्राइट्झ यांना 1970 साली क्ष-किरणचित्रांत दिसली; तिची भिंत सुजून तिच्याभोवती गुंफलेले अनुकंपी तंतू दाबले जात असावेत, आणि पापणी झुकण्याचे व बाहुली आकसण्याचे मूळ तेथे असावे, असा तर्क त्यावरून बांधता येतो.

या वर्णनास रासायनिक दाखला 1994 साली मिळाला. गोड्सबी व एडविन्सन यांनी ऐन झटक्यात रुग्णांच्या मानेतील बाह्य नीलेचे रक्त तपासले, तेव्हा त्यात सीजीआरपी या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे पेप्टाइड, जे ट्रायजेमिनलचे तंतू सोडतात, आणि परानुकंपी तंतूंचे म्हणून मानलेले दुसरे एक पेप्टाइड, अशी दोन्ही वाढलेली आढळली. प्राणवायूने किंवा सुमाट्रिप्टानच्या इंजेक्शनने झटका शमला की सीजीआरपीची पातळीही उतरली. वेदनेची वाट आणि अश्रूंची वाट, दोन्ही एकाच वेळी जाग्या होतात, हे यावरून निर्विवाद झाले.

मग हा मज्जातंतूच छेदून टाकला तर? हा प्रश्न निव्वळ तात्त्विक नाही. निराश रुग्णांवर तसे प्रयोग झालेले आहेत. माथारू व गोड्सबी यांनी 2002 साली अशा एका रुग्णाची कैफियत प्रसिद्ध केली, ज्याच्या ट्रायजेमिनलचे मूळ पूर्णपणे तोडलेले होते, चेहऱ्याची ती बाजू बधिर होती, आणि तरीही झटके पूर्ववत येत होते, इतकेच नव्हे तर सुमाट्रिप्टानने शमतही होते. या एका प्रकरणाचे वजन मला शंभर चित्रणांपेक्षा अधिक वाटते. कारण परिघावरून निरोप आत येण्याचा मार्गच जेथे उरला नाही, तेथे वेदनेचा उगम मेंदूच्या अंतर्भागात मानल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि अंतर्भागात शोधायचे तर वेळ पाळणाऱ्या केंद्राकडेच पाहिले पाहिजे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा बोटाच्या पेराएवढा भाग झोप, भूक, तापमान व अंतःस्रावी ग्रंथी यांचा बंदोबस्त ठेवतो, आणि त्यातील एक लहानसे केंद्रक डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावरून शरीराचे अहोरात्र ठरवते. हंगामात रुग्णांच्या रात्रीच्या मेलाटोनिनची पातळी खालावलेली आढळते. कॅलिफोर्नियातील ली कुड्रो यांनी 1987 साली दाखवले की नवे हंगाम वर्षातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांच्या पाठोपाठ अधिक सुरू होतात. अखेरीस 1998 साली लंडन येथे आर्ने माय व सहकाऱ्यांनी नऊ रुग्णांना नायट्रोग्लिसरीन देऊन झटका आणवला आणि त्याच अवस्थेत त्यांच्या मेंदूचे पॉझिट्रॉन चित्रण केले, तेव्हा वेदनेच्या बाजूचा हायपोथॅलॅमसचा मागील भाग उजळलेला दिसला.

त्यानंतर उत्साहास भरती यावी हे साहजिक होते. मिलानच्या बेस्ता संस्थेत लेओने व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली एका जुनाट रुग्णाच्या मेंदूत त्याच जागी विद्युत्-अग्र बसवले, आणि त्याचे झटके थांबले. पुढे अशा शस्त्रक्रिया इतरत्रही झाल्या. बेल्जियममध्ये एक रुग्ण मेंदूतील रक्तस्रावाने दगावला, आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत, विद्युत्प्रवाह चालू की बंद हे रुग्णास न सांगता घेतलेल्या एका महिन्याच्या कसोटीत, दोहोंत फरक दिसला नाही. त्याहून बोधप्रद बाब अशी की ज्यांना गुण येतो त्यांनाही तो आठवड्यांनंतर येतो; ऐन झटक्यात प्रवाह सुरू केल्याने तो झटका थांबत नाही. तेव्हा हायपोथॅलॅमस प्रत्येक झटक्याचा हुकूम स्वतः सोडतो असे मानण्यापेक्षा, झटका येऊ शकेल असा हंगाम तो खुला करतो, असे म्हणणे मला पुराव्याला अधिक धरून वाटते.

नायट्रोग्लिसरीनचीच साक्ष घ्या. जिभेखाली ठेवलेल्या एक मिलिग्रॅम गोळीने हंगामातील रुग्णास बहुधा तासाभरात झटका येतो, मद्याचा एखादा पेलाही पुरतो. हंगाम संपल्यावर तीच गोळी आणि तेच मद्य त्याला निरुपद्रवी ठरतात. उपचारांचीही विभागणी याच रेषेवर झालेली दिसते. आलेला झटका मोडण्यासाठी सुमाट्रिप्टान आणि प्राणवायू: 2009 सालच्या चाचणीत मिनिटास बारा लिटर या वेगाने मुखवट्यातून पंधरा मिनिटे प्राणवायू दिला असता 78 टक्के झटक्यांत पुरेसा आराम पडला, साध्या हवेने 20 टक्क्यांत. त्याच वर्षी प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले की प्राणवायू वेदनेच्या तंतूंना थेट न आवरता अश्रूंच्या परानुकंपी वाटेवरून उठणारी खळबळ शमवतो. हंगाम आवरण्याचे काम मात्र व्हेरापामिल व लिथियम यांच्याकडे, आणि लिथियम तर मनोविकारांच्या चक्रांसाठी प्रसिद्ध असलेले औषध होय.

सीजीआरपीला जखडून टाकणारे गॅल्कानेझुमॅब हे प्रतिपिंड 2019 साली हंगामी प्रकारात उपयुक्त ठरले; जुनाट प्रकारात त्याने चाचणीत यश दिले नाही. त्याच्या आदल्या वर्षी कोपनहेगन येथे हेच पेप्टाइड शिरेवाटे देऊन पाहण्यात आले होते. हंगाम चालू असलेल्या नऊ रुग्णांपैकी आठांना त्याने झटका आला, हंगामाबाहेरच्या नऊपैकी एकालाही नाही, आणि ज्यांचा हंगाम कधी संपतच नाही अशा चौदा जुनाट रुग्णांपैकी सातांना. हा शेवटचा आकडा मला सर्वांत अडचणीचा वाटतो. जुनाट रोग म्हणजे अखंड लांबलेला हंगाम, ही आजवरची सोयीची समजूत खरी असती तर चौदांपैकी बहुतेकांना झटका यावयास हवा होता. तो निम्म्यांनाच आला. यावरून जुनाट रुग्णांच्या मस्तकातही उघडझाप चालते आणि तिची मुदत इतकी अल्प असते की ती कोणाच्या टिपणवहीत येत नाही, असे तरी मानावे लागेल, किंवा या दोन प्रकारांस एका रोगाच्या दोन अवस्था म्हणणेच तपासून पाहावे लागेल.