पत आणि पत्ता

पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त अमेरिकेत उतरलेल्या, खिशात भरघोस वेतनाचे नेमणूकपत्र आणि मनात आजवर कोणाची दमडीही देणे नसल्याचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी तरुणाला तेथील थंडीची वार्ता आधीच असते. परंतु भाड्याचे घर पाहू जाता, ज्या बिनकर्जी वृत्तीचे आईवडिलांनी कौतुक केले तीच आपल्या अर्जाआड येते, ही वार्ता त्याला कोणी दिलेली नसते.

तेथील मोठ्या इमारतींचा कारभार आता यार्डी, अ‍ॅपफोलिओ यांसारख्या सॉफ्टवेअरवर चालतो. भाड्याची खतावणी, दुरुस्तीच्या तक्रारी आणि करारनामे ज्या दफ्तरात राहतात, त्याच दफ्तरात नव्या अर्जदाराची शहानिशाही होते. अर्जदाराने नाव, जन्मतारीख व सोशल सिक्युरिटी क्रमांक लिहून संमती द्यावी, शुल्क भरावे (न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून त्यावर २० डॉलरांची मर्यादा आहे), आणि काही मिनिटांतच इक्विफॅक्स, एक्सपेरियन किंवा ट्रान्सयुनियन या पत नोंदविणाऱ्या संस्थांकडून त्याच्या कर्जांचा, थकबाकीचा व चुकलेल्या हप्त्यांचा वृत्तांत, तसेच ३०० ते ८५० यांमधला एक अंक घरमालकापुढे यावा, असा हा क्रम आहे. जोडीला घर खाली करण्याचे दावे आणि फौजदारी नोंदीही येतात. मासिक प्राप्ती भाड्याच्या तिप्पट असावी, यासारख्या आगाऊ ठरविलेल्या कसोट्या लावून यंत्र शिफारस करते: घ्यावा, वाढीव अनामत घेऊन घ्यावा, किंवा घेऊ नये.

माणसाची पत कागदावर उतरविण्याचा हा व्यवसाय जुना आहे. १८९९ साली अटलांटात स्थापन झालेली रिटेल क्रेडिट कंपनी पुढे लोकांच्या खासगी वर्तनाविषयीच्या ऐकीव गोष्टीही टिपून ठेवू लागली. तिच्यासारख्यांच्या दफ्तरांविरुद्ध ओरड झाल्यावर १९७० साली फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट आला, आणि पाच वर्षांनी कंपनीने इक्विफॅक्स हे नाव घेतले. या कायद्यान्वये, अहवालाच्या आधारे घर नाकारले किंवा अनामत वाढविली, तर तो अहवाल कोणी दिला हे अर्जदाराला कळवावेच लागते. ६० दिवसांत मागितल्यास त्याची प्रत विनामूल्य मिळते, आणि एखाद्या नोंदीस हरकत घेतल्यास संस्थेने सामान्यतः ३० दिवसांत तिची पडताळणी करावयाची असते. तोवर ते घर दुसऱ्याच्या पदरात पडलेले असते, ही गोष्ट निराळी.

नावसाधर्म्यामुळे एकाचे पाप दुसऱ्याच्या खाती पडणे हा आपल्या तलाठी कार्यालयांचाच विशेष नव्हे. अहवालांच्या अचूकतेची पुरेशी खबरदारी न घेतल्याच्या आरोपावरून अ‍ॅपफोलिओने २०२० साली ४२ लाख ५० हजार डॉलर, तर ट्रान्सयुनियनच्या भाडेकरू-तपासणी शाखेने अशाच प्रकरणी २०२३ साली मूळ कंपनीसह दीड कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

परंतु नोंदी बिनचूक असल्या, तरी माझी मूळ शंका मिटत नाही. तो अंक कर्जाची परतफेड मोजतो; ज्याने कर्जच घेतले नाही, त्याचा अंकच उमटत नाही. आणि वर्षानुवर्षे पहिल्या तारखेस मुकाट्याने भरलेले भाडे बहुधा या संस्थांच्या वहीत चढतच नाही. मॅसॅच्युसेट्समधील ज्या भाडेकरूंच्या भाड्याचा मोठा हिस्सा सरकारी साह्यातून येणार होता, त्यांनाही भाडेकरूंची तपासणी करणाऱ्या सेफरेंट कंपनीच्या गुणांकनामुळे घर नाकारले गेल्याची फिर्याद झाली. २०२४ साली कंपनीने दोष कबूल न करता २२ लाख डॉलरांहून अधिक रकमेवर तडजोड केली आणि अशा अर्जदारांना पाच वर्षे गुण न देण्याचेही मान्य केले.

आपल्या तरुणाची गोष्ट त्याहून सौम्य, पण गमतीची. मुंबईची सिबिल ही पत नोंदविणारी संस्था ट्रान्सयुनियनच्याच मालकीची असली, तरी तिच्या दफ्तरातील नोंद आपोआप सातासमुद्रापार जात नाही. म्हणून तो मालकाच्या हातापाया पडून, वेतनाचा दाखला, जामीनदार अथवा जेथे कायदा मुभा देतो तेथे वाढीव अनामत देऊन कसेबसे घर मिळवतो; मग स्वतःचेच काहीशे डॉलर बँकेत तारण ठेवून, त्यांवर मिळालेल्या कार्डाने दूध-भाजी उधार आणतो, आणि आपला अंक उमटण्याची वाट पाहत निदान सहा महिने ती उधारी इमानेइतबारे फेडत राहतो.