विकाऊ घराची मांडणी

पाहुणे मुलगी बघायला यायचे ठरले की घर झाडूनपुसून लख्ख करावे, मोडकी खुर्ची माळ्यावर टाकावी, शेजाऱ्यांकडून चार बऱ्या कपबशा आणाव्यात, ही आपल्या घरांची जुनी रीत. आता घरच दाखवायचे असेल, तर हीच कामे पैसे घेऊन करून देणारी माणसे मिळू लागली आहेत. या धंद्याला ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. अमेरिकेत सिॲटल येथील बार्ब श्वार्झ या घरविक्रीच्या व्यवसायातील बाईंनी १९७२ साली त्याची सुरुवात केली, असे मानतात. शब्द रंगभूमीवरून उचललेला आहे आणि तो चपखल आहे. नेहमीचा सजावटकार राहणाऱ्याच्या आवडीने घर सजवतो. हा मात्र अजून न आलेल्या, नावगाव ठाऊक नसलेल्या माणसासाठी घर मांडून ठेवतो.

शब्द नवा असला तरी आपल्या शहराला हा प्रकार अगदीच नवा नाही. पायगा घराण्यातील नवाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ साली फलकनुमा महालाचे काम काढले. टेकडीवर इटालियन संगमरवराचा तो डोलारा उभा करताना नवाबसाहेब कर्जात बुडाले. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना तेथे मुक्कामाचे आमंत्रण गेले. ही युक्ती बेगमसाहेबांची, असे जुने लोक सांगतात. निजाम आले, रमले, आणि १८९७ च्या सुमारास महाल त्यांचा झाला. २०१० पासून तेथे हॉटेल आहे आणि १०१ माणसांच्या पंगतीचे ते प्रसिद्ध मेज आजही पाहायला मिळते. घर नुसते दाखवू नये, पाहणाऱ्याला त्यात घडीभर राहू द्यावे, हे शहाणपण हैदराबादला तेव्हापासून ठाऊक आहे.

गेल्या वर्षी काचीगुड्यातील आमच्या परिचयाच्या एका घराची अशी मांडणी मला जवळून पाहता आली. घर चार पिढ्यांचे. मुले पुण्याला आणि परदेशात, आजी एकट्या. वर्षभर घर दाखवूनही गिऱ्हाईक ओसरीवरूनच परत जाई. शेवटी धाकट्या मुलाने या कामातील एका बाईंना बोलावले. बाईंनी प्रथम घरात काहीच आणले नाही. होते ते बाहेर काढले. जुनी कॅलेंडरे, औषधांच्या बाटल्या, वाडवडिलांच्या तसबिरी, मुंजी-लग्नांचे फोटो आणि पाचांपैकी तीन कपाटे.

“मास्तर, भिंतीवरून दुसऱ्याचे आजोबा बघत असले, की येणाऱ्याला तिथे आपली खाट दिसत नाही,” बाई मला म्हणाल्या.

खिडकीपुढचे कपाट हलले, दिवे बदलले, चौकातल्या तुळशीवृंदावनाला चुना लागला. देव मात्र आजींनी हलवू दिले नाहीत आणि बाईंनीही आग्रह धरला नाही. आठवड्याने आजी झोपाळ्यावर बसून सगळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “असे घर आधी दिसले असते, तर विकायला काढलेच नसते.”

पेच पडला तो मागच्या खोलीत. तिथल्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. रंगारी म्हणाला, दोन हात मारून देतो, कोणाला कळायचे नाही. मुलालाही ते पटले. बाईंनी मात्र साफ सांगितले, “ती भिंत आहे तशी राहील, नाहीतर मी निघते.”

यात नुसता भाबडा सज्जनपणा नव्हता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम तेच सांगते. मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. रंगाखाली दडवलेली ओल याच जातीची. मी गाणे शिकवतो. मैफलीपूर्वी तंबोरा जुळवायला अर्धा तास लागला, तर श्रोते त्याला फसवणूक म्हणत नाहीत. पण तार बेसूर आहे हे कळत असून पेटीचा आवाज चढवून ती झाकणारा गवई, त्याचे काय? जुळवणे आणि झाकणे या दोन गोष्टी या धंद्यातही अगदी शेजारी राहतात.

तिसऱ्या रविवारी एक तेलुगू कुटुंब आले. आजींनी स्वतःच त्यांना मागच्या खोलीत नेऊन ओल दाखवली. त्यांनी किंमत थोडी कमी करून मागितली, तीही आजींनी मान्य केली. बोलणे चालू असता त्यांची लहान मुलगी झोपाळ्यावर जाऊन बसली ती उठेना. “हा तुम्ही घेऊन जाणार का?” तिच्या आईने विचारले.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग झोपाळा कड्यांसकट घराबरोबर देऊन टाकला. देव तेवढे त्या पुण्याला घेऊन गेल्या.