रतीब की विकत?

लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणे, मसाल्याच्या पाकिटांवरची लेबले, साड्यांच्या दुकानाच्या जाहिराती – ही कामे हल्ली कितीतरी गृहिणी घरच्या संगणकावर करतात. दुपारची आवराआवर झाली की दोन तास बसायचे आणि चार पैसे जोडायचे. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे पैसे कसे भरायचे, इथे पुष्कळजणी गोंधळतात. कारण ते मिक्सरसारखे एकदाच विकत मिळेल असे नाही. बऱ्याचदा दुधासारखा रतीब लावावा लागतो!

हे कधीपासून?

ॲडोबी या अमेरिकन कंपनीचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. तेव्हा एकदा पैसे मोजले की झाले. नवी आवृत्ती निघाली तरी घरातली जुनी चालू राही. ऐपत असेल तेव्हा नवी घ्यावी. मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केले, की २०१२ ची ‘क्रिएटिव्ह सूट ६’ ही विकत मिळणारी शेवटची. पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअरही थांबले.

आषाढातली वर्गणी

रतीब वाईटच, असे मुळीच नाही. सुरुवातीला मोठी रक्कम काढावी लागत नाही, सुधारणा आपोआप मिळतात. जिला बारा महिने काम आहे, तिला तो परवडतो. प्रश्न आहे हंगामी काम करणारीचा. लग्नसराई सरली, दिवाळी झाली, की काम थंडावते. वर्गणी मात्र आषाढातही जाते.

साधा हिशेब पाहा. समजा, वर्गणी महिना ८०० रुपये. वर्षाचे झाले ९,६००. काम पाचच महिने असेल, तर कामाच्या दर महिन्यामागे १,९२० रुपये पडले. मग हातात उरले किती?

‘अहो, मग पाचच महिने भरू!’ असे तुम्ही म्हणाल. इथेच जपायला हवे. काही योजनांत पैसे महिन्याला जातात, पण करार असतो वर्षाचा. मध्येच सोडला तर दंड बसतो. हा दंड ॲडोबीने ग्राहकांना नीट दिसू दिला नाही, असा आरोप ठेवून अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये कंपनीवर खटला भरला. तेव्हा आधी विचारावे : करार महिन्याचा की वर्षाचा?

विकतचेही कायमचे नसते

इंग्लंडच्या सेरिफ कंपनीचे ‘ॲफिनिटी’ एकदाच पैसे भरून मिळे, म्हणून अनेकांनी ते घेतले. २०२२ मध्ये दुसरी आवृत्ती आली, तेव्हा ती हवी असणाऱ्या जुन्या ग्राहकांनाही पुन्हा पैसे मोजावे लागले. २०२४ मध्ये कॅनव्हाने ती कंपनीच घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲफिनिटी फुकट केले. त्यासाठी कॅनव्हाचे खाते लागते, आणि एआयच्या सोयींना वर्गणी आहेच. संगणक बदलला तरी जुने सॉफ्टवेअर अडते. ॲपलच्या संगणकांवर २०१९ मध्ये नवी प्रणाली आली आणि जुन्या धर्तीची कितीतरी सॉफ्टवेअर चालेनाशी झाली.

कायम फुकट असणारीही आहेत. फोटोंसाठी ‘गिम्प’, पत्रिका-लेबलांसाठी ‘इंकस्केप’, हाताने चित्रे काढायला ‘क्रिटा’. हात बसायला थोडे दिवस लागतात, पण शिकाऊ मैत्रिणीने इथूनच सुरुवात करावी. मराठी अक्षरांसाठी ‘मुक्ता’सारखे सुबक फॉन्टही मोफत मिळतात. फक्त आपल्या छापखान्याला कोणत्या प्रकारची फाइल चालते, ते आधी विचारून घ्या.

पैसे कुठून जातात?

ही गोष्ट छोटी वाटते, पण तशी नाही. बऱ्याच घरांत खाते यजमानांचे आणि मोबाईलही त्यांचाच. वर्गणी कधी गेली, कमाई किती उरली, हे बाईला कळतच नाही. मग ‘तुझ्या छंदापायी पैसे जातात’ हे ऐकावे लागते. कष्ट आपले, तर हिशेबही आपल्या हातात हवा. या कामापुरते स्वतःच्या नावाचे खाते ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, कार्डावरून किंवा यूपीआयवरून अशी ठरलेली वर्गणी कापण्याच्या निदान २४ तास आधी तसा संदेश यायला हवा. तो आपल्या मोबाईलवर यावा आणि आपण वाचावा.

लक्षात ठेवा

१. गेल्या वर्षी किती महिने काम होते, ते वहीत पाहा. चार-सहा महिनेच असेल, तर वार्षिक करार नको.

२. वर्गणीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारी लिहा.

३. प्रत्येक कामाची पीडीएफ आणि पीएनजी प्रत वेगळी साठवा. रतीब बंद झाला, तरी त्या उघडतात. बरणी भाड्याची असली तरी लोणचे आपले असायला हवे!

४. गिऱ्हाइकाला दर सांगताना सॉफ्टवेअरचा खर्च त्यात धरा. कागद-शाईचा धरतो, मग हाच का सोडायचा?