टूथपेस्ट, ओरखडे आणि आजोबांचं घड्याळ

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

ॲडमिशन झाली तेव्हा आजोबांनी मला त्यांचं चावीचं एचएमटी घड्याळ दिलं. परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल चालत नाही, म्हणून तेच घालून गेले. पण काचेवर इतके ओरखडे, की ट्यूबलाइटच्या उजेडात काटेच दिसेनात. अर्धा तास उरलाय समजून मी निवांत लिहीत बसले आणि सरांनी पेपर ओढून घेतला. त्या दिवशी ठरवलं, या काचेचा निकाल लावायचाच.

खरं म्हणजे ही 'काच' काच नसतेच. जुन्या घड्याळांवर बहुधा ॲक्रिलिक असतं. ते पटकन फुटत नाही, पण मऊ असल्यामुळे ओरखडे लगेच पडतात. गुळगुळीत पृष्ठभागातून प्रकाश नीट आरपार जातो. ओरखड्याच्या कडांवर तो इकडेतिकडे विखुरतो, म्हणून रेघ पांढरी दिसते.

मैत्रीण म्हणाली, "अगं, खोबरेल लाव." लावलं, आणि ओरखडे गायब! कारण तेलाचा अपवर्तनांक साधारण १.४५ आणि ॲक्रिलिकचा १.४९, म्हणजे जवळजवळ सारखाच. पण तेल पुसलं की ओरखडे परत हजर. तेल खड्डा फक्त भरतं. पॉलिश मात्र खड्डा भरत नाही, ते आजूबाजूचं प्लॅस्टिक घासून खड्ड्याच्या पातळीला आणतं. सगळी गोम इथेच आहे.

कृती सोपी आहे. आधी धूळ पुसून घ्या, नाहीतर तीच नवे ओरखडे काढेल. काचेच्या कडेने चिकटपट्टी लावा, म्हणजे पाणी आत जाणार नाही. ओलसर सुती फडक्यावर वाटाण्याएवढी साधी पांढरी टूथपेस्ट घ्या (तिच्यात बहुधा खडूसारखी बारीक पूड असते) आणि हलक्या हाताने गोल गोल चोळा. पाच मिनिटांनी पुसून बघा, गरज वाटली तर पुन्हा करा. ओरखड्यात नख अडकत असेल तर पेस्टचं काम नाही. मग घड्याळवाल्याकडून काच बदलून घेणंच बरं. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, त्याने ॲक्रिलिक विरघळून ढगाळ होतं.

घड्याळ चकाचक झालं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. लगेच रूममेटचा चष्मा घेतला. चांगला घासला. लेन्सवरचं कोटिंग ठिकठिकाणी निघालं आणि बिचारीला सगळीकडे धुकं दिसायला लागलं! नवीन लेन्सचे पैसे मी भरले, दोन महिने कॅन्टीन बंद.

तेव्हा घासण्याआधी एकच प्रश्न विचारा: वर कोटिंग आहे का? सेटस्क्वेअर किंवा ॲक्रिलिकचा डबा असेल तर खुशाल घासा, फक्त आकडे छापलेली बाजू सोडून. चष्मा आणि हेल्मेटची काच यांना हात लावू नका. हेल्मेटची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते आणि तिच्यावरही कडक थर असतो. ओरखडे पडलेल्या काचेतून रात्री समोरच्या गाडीचा उजेड पसरून दिसतो आणि रस्ताच दिसत नाही. ती सरळ बदला. बाइकवाल्या मित्रांनो, आणि सर, तुम्हीसुद्धा!

बाकी घड्याळं घेऊन रविवारी आमच्या रूमवर या. टूथपेस्ट मात्र आपापली आणा.