कर्करोग, भ्रम आणि ब-१ जीवनसत्त्व

कर्करोगाने अंथरुणास खिळलेला माणूस एखाद्या दिवशी एकाएकी असंबद्ध बोलू लागतो. दिवस आहे की रात्र, हे त्यास उमगत नाही. उशाशी बसलेल्या मुलीला तो आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारतो. घरची माणसे मनोमन समजून घेतात, की रोग मेंदूत शिरला, आता शेवट जवळ आला. हा तर्क कधी खरा ठरतो. परंतु नेहमीच नव्हे. जंतुसंसर्ग, रक्तातील कॅल्शियमची वाढ, सोडियमची घट किंवा वेदना शमविणारे मॉर्फिन यांनीही असा भ्रम होतो. याच कारणांत ब-१ अथवा थायमिन या जीवनसत्त्वाची उणीव हेही एक आहे. ते सहज नजरेआड होते, आणि त्यावरचा उपाय मात्र अगदी स्वस्त आहे.

या जीवनसत्त्वाचा शोध तांदळाच्या कोंड्यातून लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावरील बटाव्हिया येथे ख्रिस्तियान आइकमन या डच वैद्याने पाहिले, की गिरणीत पांढरा शुभ्र केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला म्हणजे त्या बऱ्या होतात. या कार्यासाठी त्यांना 1929 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हातसडीच्या तांदळाची महती आपल्याकडील जाणती माणसे सांगत, तिचे एक कारण हेच होय.

अन्नातील साखरेपासून शक्ती निर्माण करण्याच्या क्रियेत थायमिन आवश्यक असते, आणि मेंदूचा निर्वाह तर मुख्यतः साखरेवरच चालतो. तथापि शरीरात थायमिनचा साठा जेमतेम 30 मिलिग्रॅम. नवी भर पडली नाही, तर दोन-तीन आठवड्यांत तो संपत येतो. यकृतातील ब-१२ जीवनसत्त्वाचा साठा काही वर्षे पुरतो, हे लक्षात घेतले म्हणजे थायमिनची शिल्लक किती अल्प आहे, ते कळते.

कर्करोग्याची ही शिल्लक अनेक वाटांनी सरते. अन्नावरची वासना उडते. औषधांमुळे उलट्या होतात. अन्ननलिकेत वा जठरात गाठ असेल, तर घास खाली उतरत नाही. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीही थायमिन खर्च करतात. फ्लुओरोयुरॅसिलसारख्या काही औषधांनी ही तूट अधिक वाढते.

या उणिवेने मेंदूस होणाऱ्या विकाराचे वर्णन कार्ल व्हेर्निके या जर्मन वैद्याने 1881 साली केले. त्याच्या तीन रुग्णांपैकी दोघे मद्यपी होते. तिसरी रुग्ण मात्र शिवणकाम करणारी एक तरुणी होती. गंधकाम्ल प्यायल्यामुळे तिच्या जठराला इजा होऊन तिला सतत उलट्या होत होत्या. तेव्हा हा विकार केवळ दारुड्यांचा, ही समजूत पहिल्यापासूनच अपुरी होती. भ्रम, डोळ्यांच्या हालचालींतील दोष आणि चालताना जाणारा तोल ही त्याची तीन लक्षणे; पण तिन्ही एकत्र थोड्याच रुग्णांत आढळतात. जो अंथरुणावरून उठतच नाही, त्याचा तोल जातो हे कळावे तरी कसे?

आणखी एक धोका आहे. न जेवणाऱ्या रुग्णाला शिरेतून ग्लुकोज दिले, की त्याचे पोषण होत आहे असे वाटते. वास्तविक त्या साखरेच्या विनियोगासाठी उरलेसुरले थायमिनही खर्च होते, आणि भ्रम वाढू शकतो. म्हणून अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबरीने थायमिन द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. रक्तातील साखर फारच उतरली असेल, तर मात्र ग्लुकोजला विलंब लावून चालत नाही. शंका येताच, तपासणीच्या निकालाची वाट न पाहता, थायमिन शिरेतून देतात. अशा वेळी तोंडाने दिलेली गोळी पुरेशी शोषली जात नाही. वेळीच उपचार झाल्यास काही दिवसांत, कधी काही तासांतही, रुग्ण भानावर येऊ लागतो. विलंब झाल्यास स्मरणशक्ती कायमची अधू होते, प्रसंगी प्राणही जातो.

थायमिनने कर्करोग बरा होत नाही, आणि प्रत्येक भ्रम त्याने निवळतो असेही नाही. परंतु आयुष्याचे दिवस थोडे उरले असले, तरी ते आपल्या माणसांना ओळखत काढावेत, ही इच्छा लहान नव्हे. रुग्णाने किती दिवस धड अन्न घेतले नाही, उलट्या किती झाल्या आणि बोलण्यात फरक कधीपासून पडला, याची नोंद घरच्यांनी ठेवावी, ती डॉक्टरांपुढे मांडावी आणि ब-१ जीवनसत्त्व दिले आहे काय, हे निःसंकोचपणे विचारावे.