मिश्र पृष्ठभागाच्या रस्त्यांवरील सायकलप्रवास : टायरची निवड व हवेचा दाब

सारांश

डांबरी रस्ता, खडी, मुरूम व मातीची वाट अशा विविध पृष्ठभागांवरून एकाच दिवसात सायकल चालविताना टायरची रुंदी व त्यातील हवेचा दाब या दोन बाबी वेग, श्रम व सुरक्षितता यांवर निर्णायक परिणाम करतात. ‘टायर जितका कडक, तितकी सायकल हलकी’ हा समज गुळगुळीत पृष्ठभागापुरताच काही अंशी खरा आहे. प्रस्तुत लेखात या समजामागील भौतिकशास्त्र तपासून वाई–महाबळेश्वर–पोलादपूर या मार्गाच्या आधारे टायर व दाब ठरविण्याची पद्धती मांडली आहे.

बीजसंज्ञा : सायकल टायर, हवेचा दाब, मुरूम रस्ता, फिरण्याचा रोध, ट्यूबलेस टायर.

१. प्रस्तावना

हवा भरलेल्या टायरचा इतिहास हा मुळातच खराब रस्त्यांशी जोडलेला आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये अशा टायरचे पेटंट घेतले. परंतु त्याचा व्यावहारिक प्रसार झाला नाही. पुढे बेलफास्ट येथे पशुवैद्यकाचा व्यवसाय करणारे जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून हवेचा टायर तयार केला व १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. म्हणजेच धक्का शोषणे हाच या शोधाचा मूळ हेतू होता. पक्के डांबरी रस्ते वाढल्यानंतर शर्यतीच्या सायकलींचे टायर अरुंद व कडक होत गेले आणि हा मूळ हेतू मागे पडला.

गेल्या दोन दशकांत त्याकडे पुन्हा लक्ष गेले आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे २००६ साली कच्च्या खडीच्या रस्त्यांवरील २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत सुरू झाली. २०२० साली तिचे नाव ‘अनबाऊंड ग्रॅव्हल’ असे झाले. ती ज्या टेकड्यांतून जाते तेथील धारदार गारगोटीमुळे टायर चिरले जातात. त्यामुळे तेथे टायरची निवड हा शर्यतीच्या तयारीचा महत्त्वाचा भाग ठरतो. अशा रस्त्यांसाठी ‘ग्रॅव्हल’ या नावाने सायकलींचा स्वतंत्र प्रकारच पुढे आला असून सुमारे ४० मिलिमीटर रुंदीचा टायर ही त्याची ओळख बनली आहे.

येथे एक बाब लक्षणीय आहे. ग्रामीण भारतात दुधाच्या कॅन, चाऱ्याचे भारे व माणसे वाहून नेणाऱ्या मोठ्या काळ्या सायकलीचा टायरही ४० मिलिमीटरचाच असतो. नवे म्हणून मांडले जाणारे माप येथील कच्च्या रस्त्यांना जुनेच आहे. त्यातील दाब मोजून ठरविण्याची सवय मात्र आपल्याकडे रुजली नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना व जिमखाना यांच्या सायकल मोहिमांतही सर्व सायकलींत अंगठ्याच्या अंदाजाने ‘टाइट’ हवा भरली जाते. घाटाच्या उतारावर या अंदाजाची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागू शकते. म्हणून या विषयाचे शास्त्रशुद्ध विवेचन आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे

१) टायरच्या मापांची संदिग्धता दूर करणे.
२) हवेचा दाब, रुंदी व भार यांतील संबंध स्पष्ट करणे.
३) सह्याद्रीतील एका प्रत्यक्ष मार्गाच्या संदर्भात टायर व दाब यांची शिफारस करणे.

३. टायरच्या मापांची भाषा

बाजारात टायर इंचांच्या मापाने मागितला जातो. तथापि ‘२६ इंची’ या एका नावाखाली परस्परांवर न बसणारे टायर विकले जातात. ‘२६ × १ ३/८’ या मापाच्या टायरचा बैठकीचा व्यास ५९० मिलिमीटर असतो, तर जुन्या माउंटन सायकलीच्या २६ इंची टायरचा ५५९ मिलिमीटर. ‘२८ × १ १/२’ हा काळ्या सायकलीचा टायर ६३५ मिलिमीटरचा असतो; ‘७००सी’ आणि ‘२९ इंची’ या दोन्ही नावांचे टायर मात्र ६२२ मिलिमीटरच्या एकाच रिमवर बसतात.

यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय मानकात रुंदी व बैठकीचा व्यास अशी दोनच मिलिमीटरची संख्या दिली जाते. टायरच्या कडेवर ‘४०-६२२’ असे लिहिलेले असल्यास पहिली संख्या रुंदी व दुसरी व्यास दर्शविते. मोहिमेसाठी सुटे टायर व ट्यूब खरेदी करताना ही संख्या टिपून घेणे पुरेसे आहे.

४. हवेच्या दाबाचे कार्य

४.१ स्पर्शक्षेत्र : टायर जमिनीवर जेवढा टेकतो ते क्षेत्र स्थूलमानाने चाकावरील भार भागिले हवेचा दाब एवढे असते. स्वार, सायकल व सामान मिळून ८५ किलो वजन असेल आणि त्यापैकी सुमारे ५५ टक्के मागील चाकावर येत असेल, तर तो भार सुमारे ४७ किलो होतो. दाब ४० पीएसआय (बोलीत ‘४० पौंड’) असताना स्पर्शक्षेत्र सुमारे १७ चौरस सेंटिमीटर, तर ७० पीएसआय असताना ते सुमारे साडेनऊ चौरस सेंटिमीटर भरते. सुट्या खडीवर लहान क्षेत्राने टेकणारे चाक दगडावरून दगडावर उडते आणि उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना दिशा देता येते.

४.२ आवरणातील ताण : टायरच्या कापडी आवरणातील ताण हा दाब व टायरची त्रिज्या यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ८० पीएसआय दाबाने जो ताण निर्माण होतो, तोच ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ५६ पीएसआय दाबाने निर्माण होतो. म्हणूनच रुंद टायर कमी दाबातही अंगठ्याला कडक लागतो. अंगठ्याने दाबून पाहण्याची पद्धत ताण सांगते, दाब नव्हे; वेगवेगळ्या रुंदीच्या टायरांसाठी ती फसवी ठरते.

४.३ ऊर्जेचा व्यय : चाक फिरताना टायर सतत दबतो व पूर्ववत होतो. दबताना घेतलेली सर्व ऊर्जा रबर परत देत नाही. काही उष्णतेच्या रूपाने नष्ट होते. दाब वाढविल्यास दबण्याचे प्रमाण घटते व हा व्यय कमी होतो. प्रयोगशाळेतील गुळगुळीत फिरत्या पिंपावर घेतलेल्या चाचण्यांत कडक टायर सरस ठरतो तो यामुळेच. परंतु प्रत्यक्ष रस्ता गुळगुळीत नसतो. कडक टायर खडबडीत पृष्ठभागावर दबण्याऐवजी संपूर्ण सायकल व स्वार यांना वर उचलतो आणि कंपनांची ही ऊर्जा स्वाराच्या स्नायूंत विरते. विशिष्ट मर्यादेपलीकडे दाब वाढविल्यास एकूण व्यय पुन्हा वाढू लागतो. पृष्ठभाग जितका खडबडीत, तितकी ही मर्यादा खाली येते. कंपनांमुळे सायकल वेगवान असल्याचा भास होतो. ‘कडक टायर पळतो’ या समजाला या भासानेही बळ मिळते.

५. मार्गाचे स्वरूप : वाई ते पोलादपूर

वाई–पाचगणी–महाबळेश्वर–पोलादपूर हा सुमारे ७० किलोमीटरचा मार्ग अभ्यासासाठी सोयीचा आहे. मुख्य रस्ता डांबरी असला, तरी त्याला लागून असलेल्या गावरस्त्यांचा व पाणंदींचा समावेश केल्यास दख्खनच्या पठारावर आढळणारे बहुतेक पृष्ठभाग या एका प्रवासात भेटतात.

कृष्णाकाठी वाई परिसरात काळी माती व बेसॉल्टच्या विघटनातून झालेला मुरूम आढळतो. दाबून बसलेला कोरडा मुरूम उत्तम धावपट्टी असते. मात्र वाहनांच्या वर्दळीने त्यावर आडव्या लाटा उमटतात व कडेला सुटी खडी साचते. पसरणी घाट चढून गेल्यावर पाचगणी–महाबळेश्वरच्या पठारावर जांभा लागतो. त्याचा पृष्ठभाग सच्छिद्र व खडबडीत असतो आणि पावसाळ्यात शेवाळ धरल्यास निसरडा होतो. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर असून तेथून आंबेनळी घाटाने पोलादपूरपर्यंत दीर्घ, वळणांचा उतार आहे. चढ, खडबडीत पठार व उतार या तिन्ही अवस्थांत टायरकडून निरनिराळ्या अपेक्षा असतात.

६. टायरची निवड

६.१ रुंदी : अशा मार्गासाठी ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदी योग्य होय. सायकलीचा सांगाडा व फोर्क यांत टायरच्या दोन्ही बाजूंस किमान ५ ते ६ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. काळ्या मातीच्या भागात ओल असल्यास तीही अपुरी पडते. चिकट माती टायर व मडगार्ड यांमध्ये साचून चाक जाम होते आणि कोणतीही नक्षी त्यावर उपाय ठरत नाही. अशा वेळी मार्ग बदलणे हेच शहाणपणाचे असते.

६.२ नक्षी : ओल्या डांबरी रस्त्यावर पाणी कापण्यासाठी सायकल टायरला खोल नक्षी लागते, हा समज मोटारींवरून आलेला आहे. सायकलीचा टायर अरुंद व गोलाकार असल्याने नेहमीच्या वेगात तो पाण्यावर तरंगत नाही. ओल्या डांबरावरील पकड मुख्यतः रबराच्या गुणावर ठरते. सुट्या खडीवर व मातीत मात्र नक्षीचे दाते उपयोगी पडतात. मधला पट्टा बारीक नक्षीचा व कडा दातेरी असा टायर या मार्गास अनुरूप आहे.

६.३ ट्यूब की ट्यूबलेस : ट्यूबच्या टायरमध्ये दाब फार कमी असल्यास दगडावर आपटताना ट्यूब रिम व दगड यांमध्ये चिमटून तिला दोन समांतर छिद्रे पडतात. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबच नसल्याने हा धोका राहत नाही व दाब आणखी कमी ठेवता येतो. आतील सीलंट द्रावणामुळे बाभळीच्या काट्याने पडलेली लहान छिद्रे आपोआप बुजतात. गावरस्त्यांच्या कडेला बाभूळ व वेडी बाभूळ सर्वत्र असल्याने हा मोठाच लाभ आहे. मात्र उष्ण हवेत सीलंट लवकर वाळते व दर काही महिन्यांनी भरावे लागते. शिवाय गावातील सायकल दुकानात त्याची दुरुस्ती मिळेलच असे नाही. त्यामुळे मोहिमेत बहुसंख्य सायकली ट्यूबच्या ठेवून काटारोधक पट्टी वापरणे व्यवहार्य ठरते.

७. दाब ठरविण्याची पद्धती

अमेरिकी अभियंता व सायकलविषयक लेखक फ्रँक बर्टो यांनी भाराखाली टायरची उंची सुमारे १५ टक्के दबेल इतका दाब असावा, हे सूत्र लोकप्रिय केले. ४० मिलिमीटरच्या टायरसाठी हे दबणे ६ मिलिमीटर होते. ते पायाभूत मानून पृष्ठभागानुसार दाब कमी करावा. एकूण ८५ किलो वजन व ४० मिलिमीटर टायर यांसाठी प्रारंभिक दाब पुढीलप्रमाणे सुचविता येतो.

कोष्टक क्र. १ : सुचविलेला प्रारंभिक दाब (पीएसआय, पुढील / मागील चाक)

मुख्यतः डांबरी : ट्यूब ४३ / ४६, ट्यूबलेस ४० / ४३
निम्मा डांबरी, निम्मा मुरूम : ट्यूब ३७ / ४०, ट्यूबलेस ३३ / ३६
मुख्यतः सुटी खडी व माती : ट्यूब ३४ / ३७, ट्यूबलेस २९ / ३२

हे आकडे अंतिम नसून आरंभबिंदू आहेत. रिमला दगडाचा ठोका जाणवल्यास दाब २ ते ३ पीएसआयने वाढवावा. वळणावर टायर बाजूला लचकत असल्यासही तेच करावे. चाक उडत असल्यास वा हात बधिर होत असल्यास तितकाच कमी करावा.

वजन बदलल्यास दाब जवळपास त्याच प्रमाणात बदलतो. मागील चाकाचा ४० पीएसआय हा आकडा आधार धरल्यास एकूण ६५ किलोसाठी तो सुमारे ३१, तर १०० किलोसाठी सुमारे ४७ होतो. एकाच मोहिमेतील दोन विद्यार्थ्यांच्या योग्य दाबात १६ पीएसआयचा फरक पडू शकतो. सर्व सायकलींत सारखी हवा भरण्याची प्रथा त्यामुळे हलक्या बांध्याच्या विद्यार्थ्यांवर व विद्यार्थिनींवर विशेष अन्याय करते. उतारावर चाक उडण्याचा धोका त्यांनाच अधिक असतो.

तापमानाचाही विचार करावा लागतो. पहाटे १५ अंश सेल्सिअसला भरलेली ४० पीएसआय हवा टायर ३५ अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे ४४ पीएसआय होते. उंचीचा परिणाम त्या मानाने किरकोळ आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना वातावरणाचा दाब वाढल्याने टायरमधील सापेक्ष दाब सुमारे २ पीएसआयने कमी भासतो.

८. मर्यादा व सुरक्षितता

टायरच्या कडेवर छापलेला कमाल दाब ही ओलांडू नये अशी सीमा आहे. ती शिफारस नव्हे. टायर व रिम यांपैकी ज्याची मर्यादा कमी ती पाळावी. आतील कडेला हूक नसलेल्या आधुनिक रिमसाठी मानकानुसार ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय ही कमाल मर्यादा असून ती ओलांडल्यास टायर रिमवरून निसटू शकतो. रिमवर घासणारे ब्रेक असलेल्या सायकलीवर दीर्घ उतारात सतत ब्रेक धरल्यास रिम तापून दाब वाढतो. आंबेनळी घाटात उतरण्यापूर्वी कमाल दाबापर्यंत भरलेला टायर म्हणूनच धोक्याचा ठरतो. उतारावर ब्रेक अधूनमधून सोडून रिम थंड होऊ द्यावी.

दाब मोजण्यातही एक अडचण आहे. काळ्या सायकलीच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये रबरी नळी असते व तिच्यामुळे पंपावरील मापकात टायरचा दाब अचूक दिसत नाही. अशा सायकलींसाठी स्वार बसलेला असताना टायर किती दबतो हे पट्टीने मोजणे हा सोपा पर्याय आहे. रिकाम्या व भारित स्थितीत रिमची जमिनीपासूनची उंची मोजून फरक ६ मिलिमीटरच्या आसपास आल्यास दाब डांबरी रस्त्यासाठी योग्य समजावा. मुरूम व खडीसाठी तो फरक थोडा अधिक चालतो.

९. निष्कर्ष

१) मिश्र रस्त्यांवर अधिक दाब म्हणजे अधिक वेग हे समीकरण टिकत नाही, पृष्ठभागानुसार दाबाची इष्टतम मर्यादा बदलते.
२) ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा, मध्यभागी बारीक नक्षीचा टायर सह्याद्रीतील अशा मार्गांस योग्य आहे.
३) दाब स्वाराच्या वजनानुसार ठरवावा, पुढील चाकात मागील चाकापेक्षा थोडा कमी ठेवावा.
४) महाविद्यालयीन मोहिमेपूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याचे सामानासह वजन, टायरचे मिलिमीटरमधील माप व ठरविलेला दाब यांची नोंदवही ठेवावी. जिमखान्यात मापक असलेला एक पंप असणे ही त्यासाठीची किमान गरज आहे.

वरील साधने अल्पखर्चाची आहेत. घाटरस्त्यावर विद्यार्थ्यांना नेणाऱ्या प्राध्यापकाने त्यांचा वापर हा आपल्या जबाबदारीचा भाग मानला पाहिजे.