चौदाचा फरक

कागल मागे टाकून कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की पाट्यांवरची लिपी बदलते. निपाणीचा 'न' आता गोलसर कन्नड वळणाचा. कुठे कुठे त्याच्या शेजारी मराठी 'न'ही असतो. नुसतं बघून या दोघांचं काही नातं असेल असं कुणी म्हणणार नाही. पण संगणकात ही अक्षरं कशी साठवली जातात ते पाहिलं तर थक्क व्हायला होतं.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. युटीएफ-8 या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत मराठी 'न' म्हणजे 224, 164, 168 हे तीन बाइट. कन्नड 'न' म्हणजे 224, 178, 168. पहिला आकडा तोच, शेवटचा तोच, मधल्यात 14 चा फरक. 'क' घेतला तर 224, 164, 149 आणि 224, 178, 149. पुन्हा चौदा. 'ळ' घ्या, काना घ्या, वेलांटी घ्या, फरक चौदाच!

हा योगायोग नाही. 1988 च्या 'इस्की' या भारतीय संकेतात ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्या एकाच वर्णमालेच्या आराखड्यात बसवल्या होत्या. युनिकोडने तो आराखडा उचलला आणि प्रत्येक लिपीला 128 घरं दिली. त्यामुळे एक लिपी पुढे गेलं की मधला आकडा दोनाने वाढतो. देवनागरीनंतर बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू आणि सातवी कन्नड. सात दुणे चौदा. सीमावादावर इतकी भाषणं झाली, त्यात हा आकडा कुणी काढला असेल असं वाटत नाही.

या व्यवस्थेत आपल्याला भुर्दंड मात्र बसतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्याला तीन. 'पाटील' लिहायचं तर पाच चिन्हांचे पंधरा बाइट. आणि आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत पाटील एक नसतो. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, किलबिल परिवार धरून पानभर पाटील असतात.

इथे फाइल दाबून लहान करणारं झिप कामाला येतं. 1977 साली अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव या इस्रायली संशोधकांनी मांडलेली युक्ती अशी, की एकदा येऊन गेलेलं पुन्हा लिहायचं नाही. पहिला 'पाटील' पूर्ण लिहायचा. दुसऱ्या वेळी फक्त निरोप ठेवायचा: इतके बाइट मागे जा, तिथून पंधरा उचल. पंधरा बाइटांचं काम साधारण तिनात भागतं. उघडताना निरोप वाचून पत्रिका जशीच्या तशी उभी राहते, एका अनुस्वाराचाही फरक पडत नाही.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे जे अजून लिहूनच झालेलं नाही, तेही उचलता येतं. कुणी 'हा' दहा वेळा सलग लिहिला तर होतात साठ बाइट. झिप पहिला 'हा' लिहितं आणि म्हणतं, सहा बाइट मागे जा, चोपन्न उचल. मागे तर सहाच आहेत! पण उचलता उचलता नवे 'हा' तयार होत जातात आणि तेच पुढे उचलले जातात.

दुसरी युक्ती त्याहून जुनी आहे. एमआयटीत रॉबर्ट फॅनो यांनी 1951 साली विद्यार्थ्यांना मुभा दिली होती: परीक्षा द्या, नाहीतर निबंध लिहा. परीक्षा टाळण्यासाठी डेव्हिड हफमनने निबंध घेतला आणि त्यातून वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड, क्वचित येणाऱ्याला लांब संकेत देण्याची सर्वोत्तम रीत निघाली. मराठी मजकुरात जवळजवळ दर तिसरा आकडा 224 असतो, म्हणजे त्याला आठाऐवजी एक-दोन बिट पुरतात. परीक्षा चुकवायला शोधलेली ही रीत आता बेळगावजवळच्या मच्छे इथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहे आणि मुलं हफमनची झाडं परीक्षेतच काढत बसतात.

प्रोग्रॅमर फिल कॅट्झने या दोन युक्त्या जोडून 'डिफ्लेट' ही पद्धत केली. तेव्हा युनिक्सवरच्या 'कॉम्प्रेस'मागच्या पद्धतीवर पेटंट होतं. म्हणून जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांनी ऑक्टोबर 1992 मध्ये डिफ्लेटवर चालणारं 'जीझिप' काढलं, कुणीही वापरावं, उघडून वाचावं, बदलावं असं. पुढे त्यांचंच 'झेडलिब' इतकं पसरलं की आज मोबाइलवर मराठी बातमी उघडली तरी ती बऱ्याचदा याच पद्धतीने दाबून आलेली असते. वर्डची डॉकएक्स फाइल तर आतून चक्क झिपच आहे. शेपूट बदलून उघडून पाहा.

डिफ्लेटची आठवण मात्र तोकडी आहे. 32,768 बाइटांच्या मागचं ते विसरतं, म्हणजे मराठीची जेमतेम अकरा हजार चिन्हं. पत्रिकेला हे भरपूर झालं, कादंबरीला पुरत नाही. 1999 मध्ये आलेलं इगोर पाव्हलोव्हचं 7-झिप आपल्या एलझेडएमए पद्धतीने कितीतरी मेगाबाइट मागचं लक्षात ठेवतं. तेही मुक्त आहे.

आता तीच पत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये, एकाच फाइलीत. कन्नड 'पाटील'ची पाचही चिन्हं चौदाच्या हिशेबात चोख बसतात, पण झिपला दोन पाटलांत काहीच साम्य सापडत नाही. त्याला निदान तीन बाइट सलग जुळावे लागतात आणि इथे दर तिसरा आकडा आडवा येतो. शब्दाच्या आत जुळणी दोनाच्या पुढे जातच नाही. उपाय अवघड नाही. दाबण्याआधी कन्नड भागातल्या मधल्या आकड्यांतून चौदा वजा करायचे, कुठून कुठवर केले त्याची खूण ठेवायची आणि उघडताना परत मिळवायचे. 7-झिप प्रोग्रॅमच्या फाइलींसाठी 'बीसीजे' नावाच्या फिल्टरने अशीच आधी आकड्यांची फिरवाफिरव करतं आणि त्याचा कोड वाचायला खुला आहे. मच्छ्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल, तर घ्या.